उजव्या कुशीवरची रेघ

यंत्रानं 'नवीन' म्हटलं आणि वृषालीच्या जिवात जीव आला.

शंभरावी! तिच्या डाव्या मुठीत बसलेली अंगठ्याएवढी वाघबेडकी, आपल्याला कुणी शंभरावं म्हटलंय याची फिकीर न करता, गळा हलवत होती. पिवळीधमक कूस आणि तिच्यावर काळे पट्टे. वृषालीनं तिला अलगद डबक्याच्या काठावर सोडलं आणि भर श्रावणात, डोणीच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या त्या उघड्या पठारावर, ओल्या कातळावर तिनं चक्क बसकण मारली. खाली धुक्याच्या फटीतून डोणवाडीची कौलं दिसत होती.

"वाचलं," ती मोठ्यानं म्हणाली. ऐकायला आत्तीच्या दोन म्हशी तेवढ्या होत्या.

शंभर हा आकडा आकाशातून पडलेला नव्हता. सह्याद्रीच्या माथ्यावर तळी बांधायचं काम त्या वर्षांत जोरात चाललं होतं. दिवसा उन्हापासून वीज उदंड मिळे, पण ती साठवायची कशात? तर त्या विजेवर पंप चालवून पायथ्याचं पाणी डोंगरावर चढवायचं, आणि संध्याकाळी शहरांतले दिवे लागले की तेच पाणी खाली सोडून पुन्हा वीज काढायची. एक तळं वर, एक खाली. कल्पना नामी होती आणि गरजेचीही होती, हे वृषाली कधी नाकारत नसे. फक्त वरच्या तळ्यात डोणीचा सडा जाणार होता आणि खालच्या तळ्यात डोणवाडी.

आडवा आला होता तो जीवओळख कायदा. पूर्वी एक बाजू म्हणे, इथं दुर्मीळ प्राणी हजारोंनी आहेत. दुसरी म्हणे, औषधालाही नाहीत. दोन्ही आकडे अंदाजपंचे. शेवटी कायदाच झाला की अंदाज पुरे, एकेक जीव ओळखून दाखवा. दोन पावसाळ्यांत मिळून शंभर प्रौढ जीव, प्रत्येक वेगळा, दाखवता आले तर त्या जमिनीला कुणी हात लावायचा नाही. एक जरी कमी पडला तरी जमीन मोकळी, आणि उरलेले जीव उचलून संगोपन केंद्राच्या काचपेट्यांत.

आणि ओळखायचं कसं, तर कातडीवरून. शेपटी झडून बेडकी पाण्याबाहेर येते, तेव्हा तिच्या कातडीतल्या काळ्या पेशी पसरत पसरत जागा धरतात. कोणती कुठं थांबेल याला काही नियम नाही. त्यामुळे माणसाच्या अंगठ्यावरच्या रेषांसारखे कुठल्याही दोघींचे पट्टे जुळत नाहीत. बेडकी वाढते तसे पट्टे ताणले जातात, रुंद होतात; पण कोणता पट्टा कुठं फुटला, कुठं दुसऱ्याला मिळाला, हे मरेपर्यंत बदलत नाही. मोजणीच्या सरकारी नोकरीत असलेल्या वृषालीचं यंत्र नेमके हे सांधे वाचायचं. पूर्वी खूण म्हणून बेडकांच्या पायांची बोटं कापत. आता एक फोटो पुरे होता.

याच यंत्रानं आदल्या पावसाळ्यात तिला चांगलंच तोंडघशी पाडलं होतं. नुसत्या डोळ्यांनी मोजून तिनं सड्यावर चारशे बेडक्या असल्याचं मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं होतं. यंत्र म्हणालं, बासष्ट. तीच बेडकी सकाळी या डबक्यात, दुपारी त्या डबक्यात, आणि ही बाई तिला पाच-सहा वेळा मोजून खूष! त्या दिवशी डोणवाडीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

यंदा मात्र 'नवीन' हा शब्द वरचेवर ऐकू येऊ लागला होता. पंच्याहत्तर झाल्या, नव्वद झाल्या, आणि आज शंभर. शंका यायला हवी होती. पण मनातली गोष्ट हाती आली की ती कुणी उलटून पाहत नाही, आणि वृषालीही शेवटी माणूसच होती.

*

"झाल्या का गं शंभर?" आत्तीनं ओट्यावरूनच विचारलं.

आत्ती म्हणजे वृषालीची आत्या, हौसाबाई. नवरा लवकर गेल्यानं माहेरी परत आलेली. वृषालीची आई बाळंतपणातच गेली, तेव्हा सातव्या महिन्यातलं ते मूठभर पोर हौसाबाईनं पदराखाली घेतलं आणि वाढवलं. वृषाली शिकून डॉक्टर झाली ती बेडकांची, याचं तिला आधी वाईट वाटलं होतं. पुढं त्याची सवय झाली.

"झाल्या, आत्ती. शंभर!"

"मग बस. शेवयाची खीर केलीया."

"तुला आधीच कळलं होतं वाटतं?"

"कळाय काय? तुजं त्वांड बगितलं की कळतंय." आत्ती हसली. "आमच्या आधारकार्डाला सतरा खेपा झाल्या, आन् बेडक्यांचं बघ कसं झटक्यात!"

देवळातल्या सभेपासून 'बेडक्यांचं आधारकार्ड' हा गावाचा ठरलेला विनोद होता. बासष्टचा आकडा आल्यावर गाव खचलं, म्हणून वृषालीनं हिवाळ्यात सगळ्यांना जमवून, पडद्यावर फोटो दाखवून, यंत्राची करामत समजावून सांगितली होती. बेडकी डाव्या मुठीत धरायची, उजव्या कुशीचा फोटो घ्यायचा. सांधे जुळले तर ती जुनी. तीन जागी फरक निघाला तर यंत्र म्हणतं, ही वेगळी, हिला नवीन नंबर द्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पुढं बसलेली आत्ती तर अभिमानानं इकडंतिकडं बघत होती.

खीर वाढताना आत्तीच्या हाताकडं वृषालीचं लक्ष गेलं. बोटांची टोकं काळी पडलेली, कातडं सोललेलं.

"हे काय गं?"

"बिब्बा उतलाय. गोडंब्या फोडत हुते, शेजारच्या सावित्रीच्या लेकीच्या बाळंतपणाला. खा तू, गार हुईल."

बिब्ब्याच्या कवचात काळं, जहाल तेल असतं. परटानं त्यानं कपड्यावर खूण केली तर कापड फाटेल पण खूण जायची नाही. त्याच्या आतला गर म्हणजे गोडंबी, ती लाडवात घालतात. तेल कातडीला लागलं की कातडं उततं. गावात ही काही नवलाची गोष्ट नव्हती. वृषालीनं खीर खाल्ली, वर आणखी मागून घेतली.

*

पहिली मेलेली बेडकी त्याच आठवड्यात सापडली. मग एका दगडाखाली तीन. मग रोज.

वृषालीला पहिली शंका बुरशीची आली. जगभर बेडकांना कातडीच्या बुरशीनं खाल्लं होतं. सड्यावर ती कधी पोचली नव्हती. मेलेल्या बेडक्यांची उजवी कूस कडक, काळपट आणि चिरा पडलेली होती. तिनं चार बेडक्या बर्फात घालून कराडच्या प्रयोगशाळेत निखत नदाफकडं पाठवल्या. निखत तिची कॉलेजपासूनची मैत्रीण, प्राण्यांच्या रोगांची तज्ज्ञ.

निरोपाची वाट बघत वृषाली डबक्याकाठी बसली होती. हातात एक मेलेली बेडकी, जिला यंत्रानं पंधरा दिवसांपूर्वी 'नवीन' म्हटलं होतं. सहज, काही मनात नसताना, तिनं ती उलटी करून तिची डावी कूस पाहिली.

मधल्या पट्ट्याला गलोलीसारखा फाटा होता.

हा फाटा ती झोपेतसुद्धा ओळखली असती. ही सतरा नंबरची. पहिल्या पावसाळ्यात वृषालीनं दोन्ही कुशींचे फोटो घेतले होते. नियमाला एकच बाजू लागते म्हणून यंदा फक्त उजवी. तिनं डाव्या कुशीचा फोटो घेऊन जुन्या फोटोंशी ताडून पाहिला. यंत्र शांतपणे म्हणालं, 'जुनी. सतरा.' उजवीकडून धरली तर 'नवीन', डावीकडून धरली तर 'सतरा'. एकाच बेडकीच्या दोन ओळखी!

उजव्या कुशीवर तीन बारीक रेघा जास्तीच्या होत्या. कुणीतरी मन लावून, पट्ट्याला पट्टा जोडून काढलेल्या.

तेवढ्यात निखतचा फोन आला. "बुरशी नाही गं. रोगच नाही हा. भाजलंय त्यांना. कातडीत तेल मुरलंय, बिब्ब्याचं. कुणी लावलं असेल असं?"

वृषाली त्या तीन रेघांकडं बघत होती.

"ऐकतेयस? अजून जिवंत असतील त्यांना आत्ताच उचलून आण. स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवल्या तर त्या कात टाकतील, वरचं कातडं गळून जाईल. बऱ्याचशा वाचतील. पण सड्यावर राहिल्या तर एकही लावलेली वाचायची नाही. उचलायची परवानगी माग, म्हणजे तुला कारण लिहावं लागेल. कळतंय ना तुला मी काय म्हणतेय ते?"

तिला चांगलंच कळत होतं. कारण लिहिलं की अडतीस 'नवीन' खोट्या ठरणार. उरणार त्या बासष्ट, त्यातल्याही वीसेक मेलेल्या. सडा जाणार आणि डोणवाडीही जाणार.

*

"आत्ती, बिब्बा कुणी लावला?"

आत्ती चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "कुणाला?"

"बेडक्यांना."

"लई न्हाय लावला," आत्ती म्हणाली. आवाजात चोरी नव्हती. उलट कौतुकाची वाट बघितल्यासारखा होता तो. "करवंदीच्या काट्याच्या टोकावर मावंल येवढाच. तूच म्हणलीस न्हवं देवळात, तीन जागी फरक पडला की यंत्राला निराळी दिसती? म्हशी घिऊन म्या रोजच असती वर. म्या आन् सावित्री. एकीनं धरायची, एकीनं लावायचं. दुसरं काय लावलं तर पावसात धुऊन जातंय. बिब्बा जात न्हाय."

"आत्ती, त्या मेल्या गं."

"कशानं?"

"बिब्ब्यानं."

आत्ती हसलीच. "येडी का काय! अगं, लेकराला लावत्यात बिब्बा. तू झालीस तवा मुठीत मावत हुतीस. डाक्टरनं हात टेकलं. तुज्या टाचंला म्या बिब्ब्याचा डाग दिला, रातभर मांडीवर घिऊन बसली. हायेस न्हवं जित्ती?"

वृषाली खाली बसली. तिच्या डाव्या टाचेवर तो काळा डाग होता, वाटाण्याएवढा. लहानपणापासून ती तो आपल्या अंगाचाच समजत आली होती. तिला रागवायचं होतं. त्यासाठीच ती सडा उतरून धावत आली होती. पण राग कुठं ठेवावा ते तिला कळेना.

"आपलं कातडं निराळं, आत्ती. बेडकी कातडीनं श्वास घेते. पाणीसुद्धा कातडीनंच पिते, तोंडानं नाही. तिथं तेल लावलं म्हणजे तिचं नाक-तोंड बांधल्यासारखं झालं."

आत्तीचा हात परातीत थांबला. तिनं हाताचं पीठ झाडलं.

"हे तू देवळात न्हाय सांगितलंस," ती म्हणाली.

नव्हतं सांगितलं. यंत्र बेडकीकडं कसं बघतं हे वृषालीनं तासभर सांगितलं होतं. बेडकी कशी जगते हे सांगायचं तिला सुचलंच नव्हतं. टाळ्या यंत्राला मिळत होत्या.

"नाही सांगितलं," ती म्हणाली. "चुकलं माझं."

भाकरी तव्यावर करपली. आत्तीनं ती काढली नाही. मग पदरानं डोळे पुसून ती जवळ सरकली आणि वृषालीचा हात तिनं आपल्या सोललेल्या बोटांनी धरला.

"मेल्या त्या मेल्या. माज्या हातानं मेल्या, त्ये म्या भोगीन. पर तू कायबी लिवू नगंस. शंभर दिल्यात तर दिल्यात. सडा ऱ्हायला तर ज्या जित्त्या हायेत त्या पुना अंडी घालतील, पुना हुतील. सडाच बुडाला तर कुठं हुतील? काचंच्या पेटीत? तू शिकलेली हायेस, तूच सांग."

आत्ती म्हणत होती ते खोटं नव्हतं.

*

सकाळी ती सड्यावर गेली. मोबाईलमध्ये अहवाल तयार होता. शंभर जीव, शंभर फोटो, खाली तिची सही. बटण दाबलं की डोणवाडी वाचत होती.

डबक्याच्या काठाला एक बेडकी बसली होती. उजव्या कुशीवर तीन रेघा, भोवतीचं कातडं सुकलेलं. पाणी वितीवर होतं आणि तिच्यानं तिथवर जाववत नव्हतं. वृषालीनं तिला उचलून पाण्यात ठेवलं. ती पुन्हा धडपडत बाहेर आली. पाणी भाजल्या जागेला झोंबत असावं. गळा मात्र हलत होता, भराभर.

पुढच्या कुठल्यातरी पावसाळ्यात जन्मणाऱ्या बेडकांसाठी या बेडकीला मरू द्यायचं, हा हिशेब कागदावर बरोबर येत होता. घरी बसून तिनं तो तीनदा मांडला होता. पण ती हातात होती, जिवंत होती, आणि तिला वाचवायचा उपाय ठाऊक होता. वृषालीला रडू फुटलं. डोळे पुसून तिनं तयार अहवाल रद्द केला आणि नवा लिहिला. बासष्ट. पैकी मेलेल्या इतक्या, भाजलेल्या इतक्या, तातडीनं हलवण्याची परवानगी मिळावी. कारणाच्या जागी तिनं लिहिलं: 'यंत्राला फसवण्याची रीत मी स्वतः गावाला सांगितली, आणि कातडीला अपाय होईल ही सूचना दिली नाही. जबाबदारी माझी आहे.' आत्तीचं नाव तिनं लिहिलं नाही.

तिची नोकरी गेली, ते ती धरूनच चालली होती. आत्तीचं तिनं धरलं नव्हतं.

"बेडकांपायी गाव बुडिवलंस," आत्ती दारात उभी राहून म्हणाली. गाव ऐकत होतं. "म्या तुला मुठीयेवढीची येवढी केली, ती ह्यापायी? आजपास्नं तू माजी न्हाईस, म्या तुजी न्हाय. जा."

वृषालीची पिशवी तिनं ओट्यावर आणून ठेवली. आत स्वेटर नीट घडी करून ठेवला होता.

*

केंद्रात नेलेल्या भाजलेल्या बेडक्यांपैकी बहुतेक वाचल्या. निखत म्हणाली तसंच झालं. काही आठवड्यांत त्यांनी कात टाकली, बिब्ब्याच्या काळ्या खपल्या पाण्यावर तरंगल्या, आणि खालून जुने पट्टे, जसे होते तसे, वर आले. यंत्र एकेकीला जुन्या नंबरानं ओळखू लागलं. वृषाली काचेला नाक लावून बघत राहिली. हे ज्या एका माणसाला सांगावंसं वाटत होतं, ते तिचा फोन उचलत नव्हतं.

पुढच्या वर्षी, पाऊस सरल्यावर, डोणवाडीच्या शाळेत विस्थापितांची ओळख-नोंदणी झाली. सड्यावर तोवर खोदाईची यंत्रं चढली होती. वृषाली गेली आणि रांगेपासून लांब, चिंचेखाली उभी राहिली. गावातलं कुणी तिच्याशी बोललं नाही.

आत्तीची पाळी आली. नोंदणीवाल्या बाईंनी तिचा उजवा अंगठा यंत्रावर ठेवला. यंत्र गप्प. डावा ठेवला. एकेक बोट ठेवून पाहिलं. वर्षानुवर्षांच्या बिब्ब्यानं दोन्ही हातांची बोटं पार गुळगुळीत केली होती. त्यांच्यावर रेष म्हणून उरली नव्हती. डोळे दाखवले, तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"आजी, ओळख पटत नाही तुमची," बाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या, दमलेल्या होत्या. "जुनी नोंद जुळली नाही की यंत्र 'नवीन' म्हणतं. नवीन म्हणजे बाहेरून आलेली. मग नव्या वसाहतीत घर मिळत नाही."

"जल्म गेला इथं माजा," आत्ती म्हणाली.

"मला खरं वाटतंय हो. पण यंत्राला कसं सांगू? ज्याची ओळख पटते असं रक्ताचं माणूस साक्षीला चालतं. आहे कुणी?"

आत्तीनं पदर सावरला. वृषाली चिंचेखालून निघाली, रांगेच्या कडेनं चालत आली आणि तिनं आपला अंगठा यंत्रावर ठेवला. यंत्रानं लगेच तिचं नाव-गाव सांगितलं.

"नातं?" बाईंनी विचारलं.

'भाची' हा शब्द वृषालीच्या ओठांवर आला आणि तिथंच अडला. जिनं दारातून घालवलं तिचं नातं सांगायचा आपल्याला काय हक्क, असं तिला वाटलं. तिनं खाली बघितलं.

"लेक हाय माजी," आत्ती म्हणाली.

बाईंनी पडद्यावर पाहिलं. "इथं आईचं नाव दुसरं आहे. लेक असल्याचा काही पुरावा?"

"हाय की. डाव्या टाचंला बिब्ब्याचा डाग हाय. माज्या हातचा. बगा."

वृषालीनं चप्पल काढली. आत्ती गुडघ्यावर हात टेकत, कष्टानं खाली वाकली, तिची टाच तिनं पदरानं पुसली आणि आपला गुळगुळीत अंगठा त्या काळ्या डागावर ठेवला.